शिंप्याची पाटी

आमच्या हिंदी भाषक शहरातल्या 'खासगी बाजार' नावाच्या पेठेतला आमचा शिंपी डोळे अर्धे मिटून माप घ्यायचा आणि आकडे गुणगुणल्यासारखे म्हणायचा. दुपारच्या उन्हात कापडाचे तंतू त्याच्याभोवती तरंगायचे. "वहिनी, आधी कापडाला बोलू द्या," असं म्हणून तो कुठेतरी दूर हरवून जायचा.

मध्ये दोन महिने दुकान बंद होतं. त्याचं डोकं फिरलं, अशी कुजबुज गल्लीत होती. मग एका सकाळी दुकान उघडलं आणि दारावर त्याच्या सुबक अक्षरातली पाटी दिसली: "मैं मानसिक अस्पताल में भर्ती था. अब ठीक हूँ. सिलाई चालू है."

आठवडाभर कुणी आत गेलं नाही. मीही दोनदा दारावरून परतले, त्याची अजून लाज वाटते. तिसऱ्यांदा ब्लाउजपीस घेऊन गेले, तर आत एक वयस्कर गृहस्थ रिकाम्या हातांनी उभे होते.

"मुलगी महिनाभर खोलीबाहेर आली नाही," ते हळूच म्हणाले. "तुम्ही कुठल्या डॉक्टरांकडे गेला होतात?"

त्यानं मशीन थांबवलं. "बसा काका, सगळं सांगतो. वहिनी, तुम्हाला चालेल ना?"

मी पायरीवर बसले आणि त्याचा संथ आवाज ऐकत राहिले.