दहावं नाव

रूबेन सर आम्हाला गणित शिकवायचे, पण त्यांनी माणसं कधी मोजली नाहीत. सहलीची बस सुटताना शिपाई पोरांच्या डोक्यांवरून बोट फिरवत "बेचाळीस" म्हणाला की सर खाली उतरून त्याच्याशी भांडायचे. "पोती हायत का ती? नावं घे, नावं!" मग ते स्वतः बसच्या दारात उभे राहून एकेकाचं नाव घेत. त्यात अर्धा तास जाई आणि ड्रायव्हर वैतागून भोंगा वाजवत राही. एकदा मी विचारलं, "सर, मोजलं तर काय होतंय?" तेव्हा सर म्हणाले, "मोजलं की माणसाचा आकडा व्हतो, म्हादू. आकडा पुसायला फडकं पुरतं."

सर बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळचे कोकणातले. त्यांचे वडील निजामाच्या काळात कंपाउंडर होऊन कलबुर्गीजवळच्या आळंदला आले आणि इथलेच झाले. गावात त्यांचं हे एकच घर. कुणी त्यांना ख्रिस्ती समजे, कुणी मुसलमान. "सर, तुम्ही नेमके कोण?" असं विचारणाऱ्याला ते गंभीर चेहऱ्यानं सांगत, "गणिताचा मास्तर." शनिवारी ते शाळेत येत नसत, कारण तो त्यांचा विश्रांतीचा वार. त्याची भरपाई म्हणून रविवारी सकाळी कच्च्या पोरांचा वर्ग घेत. मी त्या कच्च्या पोरांतला. "शनवारी सर न्हाईत आन् रव्वारी सुट्टी न्हाई," असं कुरकुरत मी त्या वर्गाला जायचो. त्या वर्गामुळंच मी दहावी झालो आणि पुढं जवळच्या एका गावात मास्तर झालो.

गणितात त्यांना 'सुमारे' हा शब्द चालत नसे. कुणी "सुमारे वीस येतंय सर" म्हटलं की खडू खिशात टाकून म्हणत, "सुमारे म्हंजे उत्तर न्हाई. सुमारे म्हंजे आळस." चुकलेल्या पोराला मात्र ते लगेच रागवत नसत. तेच गणित पुन्हा विचारत, अगदी शांतपणे, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं. तेवढ्या वेळात चूक ज्याच्या लक्षात येईल तो सुटला.

त्यांची बायको गेल्यावर घरात सर आणि मुलगी रूथ दोघंच उरले. मी दोन गल्ल्या पलीकडं राहायचो. गॅस आण, दवाखान्यात ने, अशी कामं माझ्याकडं असत. रूथ मला दादा म्हणायची. कोरोनाच्या पहिल्या लाटेत सर मरता मरता वाचले, पण फुप्फुसं कायमची अधू झाली. अंगणातून ओसरीवर चढताना मध्ये थांबावं लागे.

रूथचं लग्न त्याआधीच पुण्यातल्या योनातनशी ठरलं होतं. दोनदा तारीख धरली आणि दोनदा सगळं बंद झालं. योनातनची परदेशातली नोकरी पक्की होती, दोघांना महिनाभरात निघायचं होतं. सरांना पुण्यापर्यंतचा प्रवास डॉक्टरांनी मना केला होता. तेव्हा रूथ म्हणाली, "मग लग्न इथंच. पप्पांच्या अंगणात."

"प्रार्थनाघर न्हाई इथं," सर म्हणाले.

"छत लागतं ना फक्त? चार काठ्या आन् वरती तुमची शाल. देवाला आळंदचा रस्ता म्हाईत न्हाई का?"

सर बऱ्याच दिवसांनी हसले. मग दोघं तयारीला लागले. मी चार सरळ बांबू आणून दिले. काळ्या मनुका आणल्या. त्या भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचं सरबत करतात आणि लग्नात दारूच्या जागी तेच वापरतात. संदेष्ट्या एलियाहूच्या नावानं मलिदा करायला पोहे, गूळ, नारळ आणि पाच फळं आणली. रूथनं यादी भिंतीला चिकटवली होती आणि सर येता-जाता तीत दुरुस्त्या करत.

सगळ्यात अवघड होतं ते माणसांचं. त्यांच्या लग्नात अंगठी आणि लेखी करार यांना दोन साक्षीदार पुरतात, पण शेवटी सात आशीर्वाद म्हणतात, त्यांना त्यांच्या धर्माचे दहा पुरुष समोर लागतात. आळंदमध्ये सर एकटेच. उरलेले नऊ हद्दीपलीकडून, महाराष्ट्रातून यायला हवे होते. सरांनी मला नावं सांगितली आणि नेहमीप्रमाणे ती मोजली नाहीत. त्यांच्याकडं दहा शब्दांचं एक वचन आहे. एकेका माणसाकडं बघत एकेक शब्द म्हणायचा. वचन पुरं झालं तर प्रार्थना. शेवटचा शब्द म्हणताना सर म्हणाले, "हा हायम. रूथचा मामा. सोलापूरला ऱ्हातो. आई गेल्यावर पोरीला त्यानंच धीर दिला. तो आल्याबिगर ती छताखाली जायची न्हाई."

"आणि एखादा कमी पडला तर, सर?"

"तर सात आशीर्वाद न्हाईत. नवाला सुमारे दहा म्हणता येत न्हाई, म्हादू."

हे सगळं मला माहीत होतं. पुढचं वाचताना हे विसरू नये.

त्या दिवसांत महाराष्ट्रातून येणाऱ्यांना तपासणीचा अहवाल दाखवावा लागे, आणि तो बहात्तर तासांच्या आतला हवा असे. हद्दीवरच्या नाक्यांवर आम्हा मास्तरांना पोलिसांबरोबर बसवलं होतं. लग्नाच्या रविवारी अक्कलकोटकडून येणाऱ्या रस्त्यावर सकाळी सहा ते दोन माझी पाळी आली. मला बरंच वाटलं. पाहुणे माझ्यासमोरूनच येणार होते.

सात वाजता आमच्या बाजारातला एक तुरीचा व्यापारी सोलापूरहून आला. त्याच्याकडं अहवाल नव्हता. "काय गुरुजी, आपल्यालाच अडवायलाव का?" असं म्हणून तो हसला. मी रस्त्यावरची आडवी फळी वर करायला सांगितली. शेजारच्या हवालदारानं ते पाहिलं.

अकराच्या सुमारास मोठी गाडी आली. नऊ पुरुष आणि योनातनची आई. आठ पुरुषांचे आणि आईचे अहवाल नीट होते. नववा माणूस हायममामा. बारीक, पांढरी टोपी घातलेला, सत्तरीचा. त्यांच्या कागदावर गुरुवारी सकाळी आठची वेळ होती. पंचाहत्तर तास झाले होते.

"बाकीच्यांनी शुक्रवारी दुपारी दिलं हो," ते म्हणाले. "मला भीती वाटली, रांग लांबली तर शब्बाथ लागंल. शुक्रवारी दिवस मावळल्यापास्नं शनिवारभर मी असलं काही करत नाही. म्हणून आदल्या दिवशीच उरकलं."

लवकर तपासून घेण्याची त्यांची धार्मिक दक्षताच त्यांना नडत होती. हे मला लगेच कळलं. मी तोंडावर मास्क आणि त्यावर प्लॅस्टिकचा पडदा लावलेला होता. मी कोण हे त्यांना कळणार नाही असं मला वाटलं.

हवालदार हळूच म्हणाला, "गुरुजी, सकाळी एक सोडलाव. आता दुसरा बी? मी तर काय बोलणार न्हाई म्हणा."

तेवढ्यानं मी घाबरलो. आठवड्यापूर्वीच दुसऱ्या नाक्यावरचा एक मास्तर निलंबित झाला होता. मी मामांना म्हणालो, "काका, नियम आहे. नवा अहवाल आणा."

"नव्याला उद्या उजाडंल. लग्न चारला आहे. भाची आहे हो माझी."

"मी काय करू?"

योनातनचे वडील भडकले. "तुमचं नाव काय? सांगा नाव!" माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं. मी ते उलटं केलं.

मामांनीच सगळ्यांना गाडीत बसायला लावलं. "तुम्ही निघा. सूर्य काय माझ्यासाठी थांबणार नाही." गाडी पुढं गेली. ते पलीकडं, रस्त्याच्या कडेच्या बाभळीखाली पिशवी मांडीवर घेऊन बसले. तासाभरानं सोलापूरकडं जाणाऱ्या एका टेम्पोत त्यांना जागा मिळाली. तेवढा तासभर मी नोंदवहीत मान घालून होतो.

दोन वाजता सुटलो. घरी आंघोळ केली, नवा शर्ट घातला आणि लग्नाला गेलो. हो, गेलो.

सर दाराशीच उभे होते. दम लागलेला असूनही कुणी त्यांना बसवू शकलं नव्हतं. मला म्हणाले, "म्हादू, हायमला नाक्यावरनं परत पाठविलं म्हणं. तू व्हतास का तवा?"

"नाही सर. माझी पाळी आधीच संपली होती. दुसरा कुणी असेल."

सरांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा विचारलं, "तू नव्हतास?"

"नाही सर."

"बरं. आत जा. पाणी पी."

अंगणात माझ्याच बांबूंवर सरांची प्रार्थनेची पांढरी शाल ताणली होती. पुण्याहून आलेल्या हजानांना, म्हणजे प्रार्थना म्हणणाऱ्या गृहस्थांना, कुणीतरी विचारलं की मामा फोनवर असले तर चालतील का. त्यांनी मान हलवली. माणूस समोर हवा. रूथ आधी छताखाली जायलाच तयार नव्हती. सर तिच्या खोलीत गेले, दोघं काय बोलली ते मला ठाऊक नाही, पण ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. अंगठी झाली. करार वाचला. योनातननं पायाखाली पेला फोडला. सात आशीर्वादांच्या जागी हजानांनी पुस्तक मिटलं. सरांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. रूथनं एकदा दाराकडं पाहिलं.

लग्न धर्माप्रमाणं झालं होतं, ते रद्दबातल नव्हतं. लग्नानंतरच्या सात दिवसांत दहा जण जमले तर आशीर्वाद म्हणता येतात. गुरुवारी पुण्यात योनातनच्या घरी ते म्हटले गेले. सर आळंदमध्ये फोनवर बघत होते. फोन मी धरला होता. पडद्यावर हायममामा शेवटच्या रांगेत दिसले. सर पूर्ण वेळ उभे राहिले. फोन बंद झाल्यावर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कार्ड उलटं केलंस, पण त्याच्या आधी हायमचं वाचून झालं व्हतं."

मी फोन खाली ठेवला. "मग सर, त्या दिवशी मला विचारलंत कामून?"

"दोनदा इच्यारलं," सर म्हणाले.

मी रडत माफी मागू लागलो. त्यांनी हात वर केला. "नियम लावलास, त्याचं मला काय न्हाई. तुरीवाल्याला बी लावला असतास, तर मी तुझी पाठ थोपटली असती. गावात सगळ्यांला ठाव हाय ते." दम खायला ते थांबले. "आन् माफी माझ्याकडं मागू नगंस. आमच्यात ज्याचं वाकडं केलं, त्याच्याच दारात जायाचं असतंय. तिथं देव बी मध्यस्थी करत न्हाई. सोलापूरला जा."

मी हो म्हणालो. मग दुसरी लाट आली, रस्ते बंद झाले. पुढं रस्ते उघडले, नाकेही उठले. सरांनी मला घरातून तोडलं नाही. गॅस, औषधं, सगळं माझ्याकडंच राहिलं. फक्त महिन्या-दोन महिन्यांनी, चहा घेता घेता, ते तेच गणित पुन्हा विचारत. "सोलापूरला गेलतास?"

"पुढच्या रविवारी जातो, सर."

"बरं."

एकदाही त्यांचा आवाज चढला नाही. ओरडले असते तर मी गेलो असतो, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो. ते खोटं आहे. ओरडले असते तर रागावून घरी बसायला मला निमित्त मिळालं असतं.

अशी दोन वर्षं गेली. एका पावसाळ्यात सरांची फुप्फुसं थकली. कलबुर्गीच्या दवाखान्यात शेवटच्या दुपारी त्यांना बोलवत नव्हतं. मी वाकलो तेव्हा त्यांनी भुवया थोड्या वर केल्या. प्रश्न काय तो मला कळला. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी डोळे मिटले. संध्याकाळी ते गेले.

पुढच्याच रविवारी मी सोलापूरला गेलो. हायममामांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "अहवाल आणलाय का?"

मी पायरीवरच थांबलो. तेच बाजूला सरकले. "या आत. गंमत केली. रूबेन दर सणाला फोनवर सांगायचा, 'म्हादू येणार हाय, तवर कुणाला नाव सांगू नगंस.' मी म्हणायचो, नाही येणार तो. तो म्हणायचा, कच्चं पोरगं हाय, वेळ लागतो त्याला."

मी सगळं सांगितलं. तुरीचा व्यापारी, हवालदार, उलटं केलेलं कार्ड, दारात सरांना दोनदा सांगितलेलं खोटं. चहा निवून गेला.

"माझ्यापुरतं मी माफ केलं," ते शेवटी म्हणाले. "तोंडदेखलं नाही, खरंच. पण त्या छताखाली मी नव्हतो. ते माफीनं भरून येत नाही, आणि तुम्ही ते भरलं असं समजू नका." मग चष्मा लावून त्यांनी स्वतःच्या फोनवर एक नंबर काढला आणि फोन माझ्यापुढं ठेवला. "आणि लग्न माझं नव्हतं. जिचं होतं तिला अजून ठाऊक नाही. सरकारी माणसानं अडवलं, एवढंच तिला माहीत आहे."

मी फोनकडं बघत राहिलो. ते म्हणाले, "पुढचा रविवार नको."

मी बटण दाबलं. परदेशातला फोन, रिंग वेगळीच वाजत होती. चौथ्या रिंगला रूथनं उचलला. मी नुसतं "रूथ" म्हणालो, तेवढ्यावरून तिनं ओळखलं.

"दादा? मामांच्या फोनवरनं? बरं वाटलं बघ आवाज ऐकून. पप्पा गेल्यापास्नं आळंदचं कुणी बोलायलाच न्हाई. बोल की."

मामा उठून आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. मी बोलायला लागलो.