न बोलता बांधलेली शीव

भिंती सारवायला पांढरी माती हवी होती, म्हणून मी पहिल्यांदा त्या टेकाडावर गेले. खुरप्यानं दोन-चार घाव घातले आणि मातीतून खापराचे तुकडे निघायला लागले. मग काचेच्या बांगडीचा निळा तुकडा. मग चुलीच्या राखेसारखा काळा थर. जिथं घर नाही, दार नाही, नुसती निवडुंगं आणि बाभळी, तिथं कुणाची बांगडी फुटली असेल? मी माती भरायची सोडून तो तुकडा पुसत बसले. पाटी अर्धीच घेऊन घरी आले आणि ह्यांची बोलणी खाल्ली.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही बेळगावच्या पश्चिमेला, पिरनवाडीच्या पुढं आत असलेल्या एका खेड्यात राहायला आलो होतो. गावाबाहेर एका शेताचे प्लॉट पडले होते, त्यावर सहा कौलारू घरांची ओळ उभी होती. शेवटून दुसरं आमचं. आमचे हे उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर होते. मी निपाणीकडची. पाचवीत असताना शाळा सुटली आणि आईबरोबर तंबाखूच्या वखारीत जायला लागले. लग्न होऊन इकडं आले. नकाशावर बघाल तर निपाणी काही विलायतेला नाही. पण दोन एस्ट्या बदलून, कडेवर तान्हं पोर घेऊन जायचं म्हटलं की ती तेवढीच लांब. माहेरी जाणं वर्षाकाठी एकदा. म्हणून मी सगळ्याला भ्यायची. घरमालक उठवील का, पोराला ताप येईल का, कारखाना बंद पडेल का. ह्यांना यायला उशीर झाला की रस्त्याकडं डोळे.

सगळ्यात मोठी भीती पाण्याची. आमच्या ओळीला नळ नव्हता, आड नव्हता. पाणी गावातल्या विहिरीचं. पहिल्या दिवशी घागर घेऊन गेले तर बायका नुसत्या बघत राहिल्या. हटकलं कुणी नाही, सरकलंही कुणी नाही. तेव्हा एक म्हातारी आक्का रहाटापाशी होती. तिनं आपला दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वड गं. हिर काय कुणाच्या बाऽची न्हाय." तो दोर मी आजपर्यंत विसरले नाही. पुढं दोन वर्षं मी आक्काच्या वेळेलाच पाण्याला जायची. बाकीच्या बायका माझ्याशी गोड बोलायच्या, "पावण्या" म्हणायच्या. दोन वर्षं झाली तरी पावणीच.

बांगडीचा तो तुकडा मी आक्काला दाखवला.

"ही पांढरीतली," ती म्हणाली. "तितं गाव हुतं."

"कुठलं गाव?"

"हेच की! आमचंच. माझ्या सासूच्या सासूच्या टायमाला पलेग आला. उंदरं पडाय लागली तशी माणसं घरं सोडून पळाली. हितं माळावर झोपड्या घातल्या. रोग गेला की परत जायचं म्हणून."

"मग गेली का नाहीत?"

"एक पावसाळा झाला, दोन झालं. कुणी भिंत घातली, कुणी गोठा घातला. ही हिर खांदली. हिर सोडून कोण जातंय गं? देवी तेवढी तितं एकटीच ऱ्हायलती. मग तिला बी उचलून आनली."

मला काय तरी लख्ख दिसल्यासारखं झालं. हे एवढं गाव, त्याची वेस, त्याची देवळं, मानाची घरं, पाटीलकी, हे सगळं म्हणजे तात्पुरत्या घातलेल्या झोपड्या होत्या! मी त्या दिवसापासून गावाकडं निराळ्याच डोळ्यांनी बघायला लागले. गल्ल्या वाकड्या का, तर झोपड्या जशा जागा मिळाली तशा पडल्या. देवीचं देऊळ घरांपासून एवढं लांब का, तर ती शेवटी आली. एका घराच्या पायरीला नक्षीचा दगड का, तर तो पांढरीतून उचलून आणलेला. आक्का वैतागायची. "तुला काय गावाचा इतिहास लिवायचा हाय काय गं?" मी म्हणायची, "तसं न्हाय, आक्का, आपलं इचारती." पण रोज पाण्याला जाताना माझ्याकडं एक नवा प्रश्न असायचाच.

त्याच उन्हाळ्यात देवीची यात्रा ठरली. ही यात्रा दर वर्षी नसते. कितीतरी वर्षांनी एकदा येते. यात्रेआधी शीव बांधतात. हळदीनं पिवळा केलेला भात टोपलीत घ्यायचा आणि गावाच्या हद्दीवरून शिंपडत जायचं. भाताची ती रेघ एकदा पुरी झाली की पाच दिवस गाव बंद. आतला बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही.

आक्कानं हे सांगितलं तेव्हा मी पहिलं विचारलं, "आमची ओळ आत का बाहेर?"

आक्कानं पान चघळायचं थांबवलं. "त्ये काय मला ठावं न्हाय बाई."

वैशाखाचे दिवस. ओढा आटून त्यात पोरं खेळत होती. ओळ बाहेर पडली तर पाच दिवस विहीर बंद. सहा घरं, त्यांत चार तान्ही पोरं. मी ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले, "पिंपं भरून ठेवू." एक पिंप होतं, तेही शेजारच्यांचं. मला रात्री झोप लागेना.

देवळात बैठक बसली. बायका तिथं बसत नाहीत, पण आक्काला कोण अडवणार? ती खांबाशी जाऊन उभी राहिली. मी बाहेर चाफ्याखाली पोराला घेऊन. आत पुढारी माणसं म्हणाली, शीव वाडवडलांनी शेताच्या कोपऱ्यावरच्या धोंड्यापाशी वळवलीय, तिथंच वळणार. प्लॉटातली घरं धोंड्याच्या पलीकडं. भाड्यानं आलेली माणसं, आज हायत, उद्या न्हाईत.

मी आदल्या दिवशी आक्काचं डोकं खाल्लं होतंच. तिनं आता ते सगळं बाहेर काढलं.

"आरं, तुमचं आजं-पणजं बी शिवंबाहीरच झोपड्या घालून ऱ्हायलं की! तवा शीव कुटं हुती? पांढरीभोवती. मग ती हिकडं कुणी आनली? देवीनं काय वढत आनली?"

माणसं हसली. एकजण म्हणाला, "आक्का, तू पुढच्या विलेक्शनला हुबी ऱ्हा." सगळे मोठ्यानं हसले, आणि हसता हसता ठरलं तेच ठरलं. शीव धोंड्यापाशी वळणार.

आक्का बाहेर आली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "पिंपं भर."

टोपली घेऊन पुढं चालायचा मान एका आप्पांच्या घराचा. आप्पा म्हणजे आक्काचे थोरले दीर. वाकलेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तरी मान दुसऱ्याला देईनात. गेल्या यात्रेला त्यांचे वडील पुढं होते आणि आप्पा मागून पाण्याची घागर घेऊन चालले होते. म्हणजे एकदाच, तेही तरुणपणी. आणि ह्या चालण्याला एक कडक नेम आहे. टोपली उचलली की कुणी बोलायचं नाही, मागं बघायचं नाही, पुढच्याला हात लावायचा नाही. शब्द निघाला तर शीव फुटली म्हणतात, आणि फुटली तर गावावर काय येईल ते बोलून दाखवायलाही माणसं भितात.

तांबडं फुटत होतं. वाटेवरच्या घरांनी दारं लावून घ्यायची असा निरोप होता. आम्ही वाटेवर नव्हतो, तरी मी लावलं. फटीला डोळा लावून बसले. पुढं रस्ता, त्यापलीकडं शेताचा कोपरा, आणि त्या कोपऱ्यावर धोंडा. तिथंच आप्पा वळणार, गावाकडं तोंड करून भात टाकणार आणि आम्ही बाहेर पडणार. मला ते बघायचंही होतं आणि बघवणारही नव्हतं.

मी बघत राहिले. कोपऱ्यावर धोंडाच दिसेना. मग आठवलं. प्लॉटांचा रस्ता केला तेव्हा ट्रकांनी मुरूम ओतला, रूळ फिरला. धोंडा त्याच्या खाली गेला होता, आणि आमच्या ह्या बाजूला गावातली माणसं फारशी येत नसल्यामुळं ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

माणसं बांधावरून आली. पुढं आप्पा, मूठभर भात टाकत. मागं घागरवाला, मागं आठ-दहाजण. कोपऱ्यावर आप्पा जरा थबकले. पायानं चाचपलं. मागच्यानं खाकरल्यासारखं केलं. आणखी एकजण खोकला. आप्पांनी मान हलवली, जणू खोकला ऐकून त्यांची खात्रीच पटली, आणि सरळ चालायला लागले.

मग ते मला दिसेनासे झाले. थोड्या वेळानं पावलं घराच्या मागच्या बाजूला वाजली! मी पोराला तसंच टाकून मागच्या खिडकीशी पळाले. आप्पा आमच्या मागच्या बांधानं पांढरीकडं चालले होते. मागच्या माणसांचे चेहरे असे झाले होते की मला पदर तोंडात कोंबावा लागला. एकजण दोन्ही हातांनी हवेतच खुणा करत होता. पण आप्पांना मागं बघायचं नव्हतं आणि त्याला बोलायचं नव्हतं. एकानं टोपीच डोळ्यांवर ओढून घेतली. पांढरीच्या टेकाडाला वळसा घालून, जिथं पूर्वी देवी होती त्या दगडांपाशी दोन मुठी भात जास्त टाकून, रांग ओढ्याच्या कडेनं गावाकडं वळली. पिवळी रेघ आमच्या सहा घरांच्या मागून, पांढरीच्याही पलीकडून गेली होती.

देवळाशी टोपली खाली ठेवल्यावर जो कालवा उठला तो आमच्यापर्यंत ऐकू आला. आक्कानं मला सगळं सांगितलं. कुणी म्हणालं, परत बांधा. पुजारी म्हणाला, "भात पडला. त्यावर पाय द्यायला कोन जातंय? तू जातोस?" कुणी गेलं नाही. आप्पा म्हणे घोंगडीवर बसून शांतपणे चहा पीत होते. म्हणाले, "धोंडा घावला न्हाय. इचारू कुनाला? तुमी समदे मुके. मग पांढरीतली दगडं दिसली, म्हटलं ही तर वळकीची हायत."

मी नंतर एकदा त्यांना स्वतः विचारलं, "आप्पा, खरंच चुकला का हो?" ते म्हणाले, "चुकलो म्हन की. पर देवीची जुनी जागा आत आली न्हवं?" ह्याच्या पुढं त्यांनी काही सांगितलं नाही. मला अजून कळलेलं नाही.

आत आलो खरे, पण आत येण्याची आमची काही तयारी नव्हती. हे डबा घेऊन सायकल काढतात तो गावातली दोन पोरं काठ्या घेऊन आडवी. "शीव बंद हाय, आण्णा." हे चिडले. "काल म्हनालात बाहीर, आज म्हनताय आत. बाहीर असतो तर पगार तरी पडला असता!" पहिल्या घरातला रात्रपाळीचा गडी सकाळी परत आला तर पिवळ्या रेघेच्या पलीकडंच अडकला. त्याची बायको अलीकडून ओरडत होती, "तितंच थांबू नगासा, शापूरला भावाकडं जावा!" तो म्हणत होता, "आगं, माझी लुंगी तरी टाक!" लुंगीही टाकू दिली नाही. आतलं काही बाहेर जात नाही म्हणे.

मी घागर घेऊन विहिरीवर गेले. भीत भीतच. आक्का अजून आली नव्हती. रहाटाशी तिघी-चौघी होत्या. एकीनं आपली कळशी बाजूला सरकवली, माझ्याकडं बघितलंही नाही, आणि दुसरीशी चाललेलं आपलं बोलणं पुढं चालू ठेवलं. मी दोर ओढला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आमटीला फोडणी द्यायला कढई ठेवली. तेलात मोहरी तडतडली असेल-नसेल, दार धाडकन उघडलं. आक्का नव्हती. गावातली दुसरीच बाई, जी मला दोन वर्षं "पावण्या" म्हणत आली होती. तिच्यामागं आणखी दोघी.

"ए बये! शीव बांधलेली असताना फोडनी? गावात ऱ्हातीस, गावाची रीत कळत न्हाय तुला? तुज्या घरातनं वास उटला, पार वाटंपातूर आला! उद्या गावावर काय आलं म्हंजे?"

"मला ठाऊक नव्हतं हो," मी म्हटलं.

"ठावं नसाया काय झालं? निपानीस्नं काल आलीस व्हय? दोन वर्सं झाली न्हवं गावात!"

मी कढई उतरवली. आमटी तशीच, फोडणीशिवाय, चुलीवर ठेवली. ती उकळेपर्यंत ती बाई उंबऱ्यात उभी राहून मला फैलावर घेत होती, आणि मी मान खाली घालून, एक शब्दही न बोलता, सगळं ऐकून घेत होते. मधेच तिनं विचारलं, "हसतीस कशापायी गं?"