भांगे काका आणि मी लपवलेलं पुस्तक

हे आत्ताच सांगायला पाहिजे, नाहीतर कोराडीची बस येईल आणि सीट मिळाली की मी झोपून जाईन. आज लायब्ररीत कळलं की काउंटरवरचे भांगे काका या महिन्यात रिटायर होऊन राहिले. आणि ज्या माणसाने मला एमएच्या पहिल्याच सेमिस्टरला रडवलं, त्याच्यासाठी मला वाईट वाटतंय. मला तर याचाच राग येतोय.

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा ते एका फाटक्या पुस्तकाच्या पाठीवर डिंकाने नंबर चिकटवत होते. मी पुस्तकाचं नाव सांगून म्हटलं, "काका, सूतगिरणीत काम करणाऱ्या बायकांवरचं हे पुस्तक पाहिजे." मान वर नाही, काही नाही.

"नाव मले काहून सांगून राहिली वं? पत्ता सांग."

"पत्ता?"

"तू कुठी राहतं?"

"कोराडीला. पॉवर स्टेशनच्या कॉलनीत."

"मंग? कोराडीत जाऊन नुसतं तुह्यं नाव घेतलं तं भेटशीन काय मले? क्वार्टर नंबर लागते. पुस्तकाचाही लागते. जाय, कॉम्प्युटरवर पाह्य."

पाहिलं. नंबर चिठ्ठीवर लिहिला. चिठ्ठी परत. का, तर नंबरातला पॉइंट राहिला. तो टाकला, तर खाली माझा रोल नंबर नाही. तो लिहिला, तोपर्यंत काका जेवायला. डबा उघडून दीड ते दोन ते कोणाशी बोलत नाहीत. समोर उभं राहिलं तर फक्त भाकरीचा तुकडा हातात धरून घड्याळाकडे बघतात.

मला घाई होती हो. शनिवारी सेमिनार, वीस मार्कांचा. विषय मी वर्गात भांडून घेतला होता, आणि सरांनी बजावलं होतं की हे एक पुस्तक वाचल्याशिवाय बोलायला उभं राहू नको. लायब्ररीत त्याची एकच प्रत. घरी न्यायची नाही, फोटो काढायचे नाहीत, तिथेच बसून वाचायचं. कॉम्प्युटर म्हणत होता पुस्तक आहे. रॅकमध्ये नव्हतं.

"लपवलं असन कोणी," काका शांतपणे म्हणाले. "परीक्षा आली का पोट्टे पुस्तकं लपवतेत. रॅक वाच."

रॅक वाचायचा म्हणजे एकेका पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर बघत सरकायचं, कोण आपल्या जागेवर नाही ते शोधत. मी दोन दिवस रॅक वाचले. मान मोडली, ड्रेस धुळीने पांढरा. "काका, तुम्हीच शोधून द्या ना," म्हटलं तर म्हणे, "मी शोधलं तं मले सापडन. तुले काय सापडन?" असं बोलल्यावर माणसाने काय करावं?

गुरुवारी साडेतीनला सापडलं. वनस्पतिशास्त्रात, बुरशीवरच्या जाड पुस्तकाच्या मागे. मी धडाधड वाचत सुटले, अर्धं झालं आणि काका दिवे बंद करत आले. पाच वाजले. आणि मग मी तेच केलं. पुस्तक ग्रंथालयशास्त्राच्या रॅकमध्ये खालच्या कप्प्यात मागे सरकवलं. तिकडे कोण जाणार?

शुक्रवारी दार उघडायच्या आधी मी पायरीवर हजर. सरळ त्या रॅककडे. अर्धा तास सगळे कप्पे उपसले. पुस्तक नाही.

रॅकमधून बाहेर येऊन बघते तर एक चाळिशीच्या बाई टेबलावर तेच पुस्तक घेऊन बसलेल्या, ओळीखाली बोट ठेवून वाचत. काकांनी मला बोलावलं. ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढली. माझीच. खूण म्हणून पुस्तकात ठेवलेली, माझ्या नावासकट, रोल नंबरसकट.

"हे तुही. पुस्तकात राहून गेली होती."

मला वाटलं आता कार्ड जाणार. ते एवढंच म्हणाले, "ते रेखाबाई उमरेडहून येते, शुक्रवारच्या शुक्रवारी. मांगच्या टायमाले भेटलं नाही तिले. परत गेली बिचारी. जाय, बस तिच्याजवळ. तिनं पान पलटवलं का तूही वाच."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, खरंच.

रेखाबाई इतक्या हळू वाचत होत्या की मी मनातल्या मनात केस उपटत होते. एका पानाला दहा मिनिटं. शेवटी न राहवून विचारलं, "ताई, तुमचा पण सेमिनार आहे का?"

"नाही वं माय. मायी आई होती गिरणीत. ते काय करे, ते तं मले समजलंच नाही. लहान होतो." मग पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे पाह्य, इथं लिहिलं का बाया लेकरं घरी ठेवून येत. मायी आई मले संग नेत जाये. सुताच्या बोऱ्यावर निजवे."

मी लिहून घेतलं. मग त्या बोलत गेल्या, मी लिहीत गेले, आणि पाचला दिवे गेले तेव्हा पुस्तकाची चाळीस पानं वाचायची राहिलीच.

शनिवारी मी उभी राहिले. सर मध्येच म्हणाले, "सुताच्या पोत्यांवर झोपणारी लेकरं? हे पुस्तकात कुठे आहे?"

"पुस्तकात नाहीये सर. पुस्तक मी लपवलं होतं, म्हणून मला हे कळलं." सगळं सांगितलं. मागच्या बाकावर दोघं-तिघं एकदम खाली बघायला लागले. सरांनी लपवल्याबद्दल तीन मार्क कापले, बाकी सतरा दिले, आणि रेखाबाईंना वर्गात बोलवता येईल का विचारलं.

मी धावत काकांकडे. दमच लागला होता. ऐकून घेतलं त्यांनी, मग म्हणाले, "चाळीस पानं राहिली ना तुही? मंग इथं काय करून राहिली? बस तिकडे."

सांगा, अशा माणसावर धड चिडता तरी येतं का? बस आली. पटकन सांगा, तुम्ही पण लपवलंय ना कधी एखादं पुस्तक? आणि ते न मिळाल्यामुळे कोण परत गेलं, हे कधी कळलं तुम्हाला?