एकमेकींना धरून असलेल्या पेशी

माझ्या वहिनीचं पहिलं बाळ अगदी लहान डोक्याचं जन्मलं आणि आठवडाभरही जगलं नाही. असं का झालं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. घरात मात्र कारण ठरून गेलं होतं. जाम गावातल्या आमच्या दुकानात तिनं पोटुशी असताना तुरीचं पोतं उचललं होतं. तोंडावर कोणी बोललं नाही, पण तिला ते कळत होतं. पुन्हा दिवस गेले तेव्हा ती वाकायलाही घाबरू लागली.

मी तेव्हा वर्ध्याला शिकत होते. कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लाचा मेंदू कसा वाढतो, हा माझा विषय. पाचव्या महिन्यात दादा तिला सोनोग्राफीसाठी घेऊन आला. नंबर दुपारचा होता. ती नुसती पदराचं टोक पिळत बसली होती, म्हणून मी दोघांना प्रयोगशाळेत नेलं आणि पिल्लाच्या मेंदूचा पातळ काप लावून तिला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

"काय दिसते, वहिनी?"

"मधात पोकळी हाय. तिच्या काठानं बारीक बारीक काड्या दाटीनं उभ्या हायेत."

"त्या मूळ पेशी. मेंदूतल्या बाकीच्या पेशी त्यायच्यापासूनच होतात. काठाशी एकमेकींले घट्ट धरून राह्यतात, म्हणून जागेवर टिकतात अन् नव्या पेशी देत राह्यतात. पकड आधीच सुटली, तं पुढं पेशी कमी पडतात अन् मेंदू लहान राह्यतो."

डोळा न काढता तिनं विचारलं, "मंग पोतं उचलल्यानं सुटली असन का, ताई?"

"नाई वहिनी. ते धरणं पेशी सोताच तयार करतात. आईनं ओझं उचलल्यानं ते सुटत नाई. तुमच्या बाळाचं काय झालं ते मले माहीत नाई. पण पोत्यानं नाई झालं."

"पक्कं?"

"पक्कं."

ती तिथंच रडायला लागली. दादा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्यानं तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

दुपारी डॉक्टरबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "डोक्याची वाढ अगदी व्यवस्थित आहे." बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "मले लई भूक लागली." समोरच्या हॉटेलात ती कोथिंबिरीची सांबारवडी खात राहिली आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

श्रावणात मुलगी झाली. मी पोचले तेव्हा तिनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि शेजारी वहिनी गाढ झोपली होती.