गजाला घातलेलं पाणी

पेठच्या बाजूला एका पाड्यावर मी नर्स होते. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. होता तो लष्करी फोन. लष्कराच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेल्या तिथल्या एका बाबांनी भंगारातून अशा दोन पेट्या आणल्या होत्या. एक आमच्या उपकेंद्रात, दुसरी चार किलोमीटरवर फाट्यावरच्या चहाच्या टपरीत, जिथे रेंज येते. मध्ये झाडाझाडांवरून नेलेली एकच तार. दांडा फिरवला की पेटीतच वीज तयार होते आणि पलीकडची घंटी वाजते. बोलायला आतले सेल पुरतात. विजेची परतीची वाट जमिनीतून, म्हणून दोन्हीकडे एकेक लोखंडी गज पुरलेला.

मेमधल्या एका दुपारी तेवीस वर्षांची एक बाई दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मूल रडलं, पण रक्त थांबेना. इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिले. खालची गोधडी भिजतच होती. पाड्यावरची एकुलती जीप बाजाराला गेलेली.

"बाबा, फोन लावा!"

त्यांनी दांडा फिरवला. "लय हलका फिरतोय. वीज पुढं जातच नाय."

"तार तुटली?"

"नायतर जमीन वाळली. टपरीपाशी कपबशांचं पाणी रोज पडतं. आपल्याकडंच गजापाशी कोरडं हाय, वीज जमिनीत उतरत नाय."

उपकेंद्रात पाण्याचा एकच हंडा होता, बाईच्या सासूनं पहाटे दरीतून डोक्यावर आणलेला. सून पाणी पाणी करत होती. सासूनं तिच्या ओठांना ओला पदर लावला आणि हंडा बाबांकडे सरकवला. बाबांनी त्यात मूठभर मीठ टाकलं आणि सगळं पाणी गजाच्या बुडाशी ओतलं.

दांडा पुन्हा फिरला. "आता जड लागतोय," बाबा म्हणाले. तरी पलीकडून कोणी उचलेना. बाईनं धरलेला माझा पदर तिच्या मुठीतून सुटला. मी तिला हाका मारत होते, हात पोटावरून काढता येत नव्हते.

तिसऱ्यांदा दांडा फिरवल्यावर टपरीवाल्यानं फोन उचलला. बाबा बोलायचं बटण दाबून ओरडले, "बाई मरतेय! अँब्युलन्स बोलाव, आत्ताच्या आत्ता!"

गाडी यायला दीड तास लागला. तोवर मी दोन्ही मुठींनी तिचं पोट दाबून धरलं होतं. बोटं माझी राहिली नव्हती.

ती वाचली. नाशिकला तिची गर्भपिशवी काढावी लागली. चौथ्या दिवशी मी भेटायला गेले, तेव्हा तिनं विचारलं, "सिस्टर, आता पोर व्हायाचं नाय ना?"

"नाही," मी म्हणाले. तिनं बाळाला जवळ घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.