बाबांचं एकच वाक्य

आमच्या घरात सगळे लिहीत असत, त्यामुळे कुणी कुणाचं वाचत नसे. वाचणारी एकटी आई. बाबा गावातल्या मिशन शाळेत मास्तर. दर सणाला चर्चसाठी ते एक नवं गीत रचत, आणि रचताना डाव्या हाताची बोटं टेबलावर ताल धरत. धाकटे शमुवेलकाका निबंध लिहीत (विषय कोणताही असो, निबंध लांब असे). रूथआत्या ओव्या करायची. माझा थोरला भाऊ याकोबदादा नाटककार होता, म्हणजे तसं त्यानं ठरवलं होतं. मी काही लिहीत नव्हते. मी बाकीच्यांच्या चुका काढत असे.

आई गेली त्या वर्षी बाबांनी टाक खाली ठेवला. ईस्टर आला, कापणीचा सण आला, गीत काही आलं नाही. कुणी विचारलं की म्हणत, "जुनी आहेत की पुष्कळ. ती म्हणा." मग ओट्यावर बसून राहुरीच्या रस्त्याकडे बघत राहत. त्या रस्त्यानं कुणी यायचं नव्हतं.

नाताळ जवळ आला तेव्हा दादानं नाटक लिहिलं. एका घरात सगळेच लेखक असतात आणि दिवसभर भांडतात, एवढीच गोष्ट. भूमिका घरातल्यांनीच करायच्या होत्या.

"हे कुणाच्या घरावर आहे रे?" काकांनी विचारलं.

"काल्पनिक आहे, काका."

"मग यातला काका एवढा का बोलतो?"

"काल्पनिक आहे म्हणून एवढंच बोलतो," आत्या म्हणाली.

बाबांना एकच वाक्य होतं. सगळं नाटकभर त्यांनी टेबलाशी लिहीत बसायचं, आणि भांडण टिपेला पोचलं की मान वर करून म्हणायचं, "चला, जेवायला बसा." की पडदा. ते वाक्य मुळात आईचं. आमच्या घरातले सगळे वाद तिनं त्याच वाक्यावर मिटवले होते. बाबांनी ते वाचलं आणि "बरं" म्हणाले.

नाताळच्या दिवशी दादा टेबल मांडताना दौतीत शाई ओतू लागला.

"खरी शाई कशाला?" मी म्हटलं. "पाणी चाललं असतं."

"मार्था, अगं, नाटक कुणाला हवंय? टाक एकदा बाबांच्या हातात यायला हवा."

महायुद्धामुळे रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून प्रयोग भर दुपारी शाळेच्या पटांगणात ठेवला. पडदा म्हणून दोन सतरंज्या बांधल्या. एका सतरंजीमागे वही घेऊन मी, प्रॉम्प्टर. समोर चर्चची मंडळी आणि गावातले शेजारीपाजारी. नाटकानंतर प्रीतिभोजन होतं, सगळ्यांनी एका पंगतीत बसायचं. शाळेमागे रश्शाची पातेली उकळत होती आणि वारा नेमका लोकांकडेच होता.

पहिल्याच प्रवेशात माझ्या लक्षात आलं की आमच्यापैकी कुणीही दादाचं वाक्य बोलणार नाही. काकांनी आपलं भाषण गुपचूप सुधारून आणलं होतं. आत्यानं तिचं आधीच सुधारलं होतं, पण काकांच्या जुन्या भाषणाला धरून. त्यामुळे दोघं भांडत होती, पण वेगवेगळ्या विषयांवर. मी इमानेइतबारे मूळ वाक्यं पुरवत राहिले. शेवटी काका सतरंजीकडे वळून म्हणाले, "ते मी काढलंय, मार्था. कच्चं होतं." (मार्था नावाचं पात्र शेवटपर्यंत बाहेर का आलं नाही, असं पुढे बऱ्याच जणांनी विचारलं.)

तरीही भांडण टिपेला पोचलं. आता बाबांचं वाक्य. बाबा खाली मान घालून लिहीत होते.

"चला, जेवायला बसा," मी कुजबुजले.

बाबांनी टाक दौतीत बुडवला.

काकांनी वेळ निभावण्यासाठी उद्योगाचे फायदे सांगायला घेतले. ते संपेनात म्हणून आत्यानं मध्येच ओवी सुरू केली. मी आवाज चढवला. मग आणखी चढवला. माझं काम पाठांतर सांभाळणं, आणि पाठ चुकत होता.

पुढच्या रांगेतून शेजारचे म्हादूनाना उठले. "मास्तर, पोरगी कवाधरनं सांगतीया, जेवायला बसा म्हना. म्हना की."

बाबांनी न बघता हात वर केला, थांबा म्हणून, आणि ओळ पुरी केली.

"ऱ्हाऊ द्या," म्हादूनाना लोकांकडे वळले. "त्येंचं चालू द्या. आपन बसू." ते शाळेमागे गेले. त्यांच्या मागून सगळं पटांगण गेलं. काका बोलत होते ते मोकळ्या चटयांपुढे.

मी ओरडण्यासाठी श्वास घेतला, तेवढ्यात दादानं माझ्या हातातली वही काढून घेतली. "गप बस गं. बघ तरी."

मी बघितलं. बाबांची बोटं टेबलावर ताल धरत होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली. "संपलं का नाटक?"

"संपलं, बाबा."

"कसं झालं?"

"लोक उठून गेले."

"हं." बाबांनी कागद शाई वाळायला हवेत धरला. "शेवट लांबला असेल."

त्या दुपारी लिहिलेलं ते गीत पुढे दर नाताळात म्हटलं गेलं. गेल्या महिन्यात बाबांना माती दिली तेव्हाही आम्ही तेच म्हटलं. मला ते तोंडपाठ. तरी तिसऱ्या कडव्याशी माझ्या तोंडून शब्द फुटेना. समोरची माती दिसत होती, ओळ दिसत नव्हती. तेव्हा मागून काका हळूच कुजबुजले. मी ती ओळ उचलली, आणि सगळ्या मंडळीनं माझ्यामागून म्हटली.

घरी येऊन चहाचं आधण ठेवताना मला कळलं की ती ओळ बाबांची नव्हतीच. काकांनी ती सुधारली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या मी ती डोळे मिटून, खड्या आवाजात, साऱ्या गावाला सांगितली होती. आणि ओळ कच्ची होती.