भागाजी फोटो उलटा धरायचा

२०२२ साल. मला सत्तर पुरी झालेली, भागाजीला एकाहत्तर. दौंडला त्याच्या घराच्या ओट्यावर बसून मी माझ्या पोराने, नितीनने, फोनवर पाठवलेला फोटो त्याच्यापुढे धरला. आगगाडीच्या खिडकीतून काढलेला, बाहेर रूळ आणि माळ. खाली लिहिलेलं, ‘ओळखा कुठं.’ भागाजीने फोन घेतला आणि सरळ उलटा केला. मी दचकलोच. म्हटलं, गडी बिघडला.

“आरं, नीट धर की.”

“नीट धरला की मानूस डोंगर बघतो, सख्या. डोंगर लबाड. त्यो हितंबी सापडतो आन् तिथंबी. उलटा धरला की पयली खडी दिसती. खडी खोटं बोलत न्हाई.”

मग नाक फोनला लावून म्हणाला, “भुसावळच्या अलीकडं. नदी आत्ताच मागं टाकली आसंल.” मी नितीनला फोन लावला. तो तिकडून ओरडलाच, “आबा, काकांना कसं कळलं?”

मलाही कळलं नव्हतं. पण तसं मी कबूल केलं नाही.

भागाजी रेल्वेत कीमन होता. खांद्यावर हातोडी, हातात पाना, आणि रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासत जायचा. रुळाला पकडून ठेवणारी लोखंडी चावी सुटलेली दिसली की एक घाव, की बसली जाग्यावर. मी त्याच हद्दीत गँगमध्ये, गैंती मारून खडी बसवणारा. तीस वर्षं आम्ही एकाच रुळावर घाम गाळला. तो शाळेत गेलाच नव्हता, मी तिसरी पास. म्हणून वरचढ मीच, असं मी धरून चाललो होतो. निवृत्त झाल्यावर तो दौंडलाच राहिला, मी शिरूर तालुक्यात माझ्या गावी, कवठे येमाईला गेलो. तरी दर शनिवारी शिरूरवरून एसटी धरून मी त्याच्या ओट्यावर हजर.

नितीन आधी शिक्रापूरला कंपनीत होता, मग त्याला फिरतीचं काम मिळालं. मुलूखभर जाऊन मशिनी बसवायच्या. निघाला त्या दिवशी मी त्याला दारात उभं करून सांगितलं होतं, “टिकून ऱ्हा. हात हलवत परत आलास तर ह्या दारात पाय ठेवू नको.” बाप असंच बोलतो, असं मला वाटायचं. गावात मी पोराच्या नावाने छाती काढून फिरायचो. काल गुजरात, आज बंगाल, असा हिशेब पारावर ऐकवायचो.

तर हा आमचा शनिवारचा खेळ. आधी मी जागा सांगायची, मग भागाजीने, मग नितीनला फोन. पहिले सहा-सात महिने त्याने मला माती चारली. नुसती विजेच्या खांबाची सावली बघून गाडी कुठल्या दिशेला चालली ते सांगायचा. खांबावरचा नंबर दिसला तर बोटाने झाकायचा. “नंबर वाचनं म्हंजी कॉपी. पोराटोरांची कामं.” मी चिडलो की म्हणायचा, “तू गैंती मारताना वर बघायचास, सख्या. गाडीतल्या बाया बघायचास. म्या खाली बघायचो.”

मग दुसऱ्या वर्षी, संक्रांतीनंतर, चक्र फिरलं. मी बंगाल म्हणालो, तो बिहार. नितीन म्हणाला, “आबा, तुम्हीच बरोबर.” पुढच्या शनिवारी परत तेच. त्याच्या पुढच्याही. सलग नऊ शनिवार मी जिंकलो. स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला बोलावून सांगितलं, “बघा, कीमनची नजर गेली.” भागाजी मान हलवायचा, “व्हय बाबा, म्हातारा झालो.” त्याची बायको, सुभद्रावहिनी, कपबशा उचलून तडक आत जायची. मला वाटलं, नवरा हरल्याचं तिला लागलंय.

शेवटचा फोटो आला त्या दिवशी मात्र तो वेगळाच वागला. मी बघताक्षणी उडिशा म्हणालो. तो म्हणाला, “घाई करू नको. परत बघ.”

“बघितला.”

“सख्या, आरं, ती रुळाकडंची फरशी बघ. ती वाकडी बाभूळ बघ. कायतर सांगत आसंल की तुला.”

“उडिशा. तुझं काय ते बोल.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते हरणाऱ्याचं वाटलं. म्हणाला, “हारलो म्या,” आणि फोन माझ्या मांडीवर ठेवून आत गेला. पाहुण्याला ओट्यावर सोडून आत जाणं हा मला अपमान वाटला. पुढचे पाच शनिवार मी दौंडला गेलो नाही. म्हटलं, येईल फोन त्याचाच.

फोन आला तो वहिनीच्या भाच्याचा. भागाजी पहाटे झोपेतच गेला होता. मी कांद्याच्या रानात, फोन घरी. निरोप मिळेस्तोवर दुपार टळली आणि मातीला पोचलो नाही. दहाव्याला गेलो.

भीमेच्या घाटावर माणसं जमलेली. भागाजीला मूलबाळ नव्हतं. केस दिलेल्या माणसांत दोन भाचे होते आणि तिसरा नितीन.

मी जागीच थांबलो. म्हटलं, हा तर उडिशात. जवळ जाऊन विचारलं, “कवा आलास? सुट्टी कशी मिळाली?” तो खाली बघत राहिला. टक्कल केलेलं ते डोकं मला ओळखीचंच वाटेना.

वहिनीने मला बाजूला घेतलं. “भाऊजी, सुट्टी कसली? संक्रांतीच्या आधीच त्याचं काम सुटलं. तवापास्नं आमच्याकडंच हाय. स्टेशनभाईर पोह्यांची गाडी लावतो.”

“आन् मी दर शनवारी येत होतो तवा?”

“तुमची एसटी यायच्या टायमाला त्यो मागल्या दारानं भाईर. एकदा तर तुमची चप्पल दारात वाजली आन् भरलं ताट टाकून गेला.”

“मग फोटो?”

“पुण्याला माल आनायला शटलनं जायचा, तवा काढायचा. कुठनं काढायचा ते ह्येच सांगायचे. सुरवातीला लांबच्या, अनोळखी जागा. मग दर हप्त्याला जवळ जवळ. म्हनायचे, म्या सांगितलं तर सख्या पोराला दारात घेईल, पर मनात घेनार न्हाई. त्याचं त्यानं वळखाया पायजे. शेवटचा तुमच्या गँगच्या चौकीम्होरला व्हता. त्या दिवशी ह्ये जेवले न्हाईत.”

मी फोन काढून फोटो मोठा केला. ती फरशी. त्याच फरशीवर मी अकरा वर्षं भाकरी सोडली, गैंतीला धार लावली. बाभूळ त्या वेळी माझ्या कमरेएवढी होती. तिथली खडी माझ्या हातची. आणि मी म्हणालो होतो, उडिशा.

रुळावर तीस वर्षं काढली, असं मी जगाला सांगत आलो. घाटाच्या पायरीवर बसलो. भागाजी सगळं बघत होता आणि नऊ वेळा माझ्या तोंडावर हरत होता.

नितीन पाणी घेऊन आला. मी विचारलं, “मला सांगायला काय झालं होतं तुला?”

“तुम्हीच म्हणला होता ना आबा, दारात पाय ठेवू नको.”

आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो. भांडण मला येतं. भाचे पिंड घेऊन पाण्यात उतरले, कावळ्याची वाट बघत लोक उभे राहिले, आणि मी पोराचा हात धरून नुसता बसलो होतो.

त्या रात्री तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नितीन गाडी लावायला निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर गेलो. त्याने पोहे परतले, मी बादली घेऊन बशा धुवायला बसलो. आठच्या सुमाराला स्टेशनातून आमच्या गावचा दामू बाहेर आला, पारावर माझ्या शेजारी बसणारा. बघून उभाच राहिला.

“आबा? तुम्ही हितं बशा धुताय? आन् नितीन तर बंगालात ना?”

“न्हाई,” मी म्हणालो. “हितंच असतो. ही गाडी त्याची हाय. बस, पोहे खा.”

तो बसला. त्याने खाऊन खाली ठेवलेली बशी मी उचलून धुतली.